शेजारचं राखाडी घर

बाबांची रिटायरमेंट जवळ आली, तसा सेक्टर दहामधलं कंपनीचं क्वार्टर सोडायचा विषय घरात निघाला आणि आईने तो उडवूनच लावला. दुर्गला, मोहन नगरात, बाबांनी प्लॉट घेऊन ठेवला होता. आई तो बघायलाही गेली नव्हती. "तुमाले जायचं तर जा, मी इथंच राहीन," म्हणायची, जसं काही क्वार्टर तिला आंदणात मिळालं होतं.

माझं काम बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेलं करायचं. न बांधलेल्या फ्लॅटवर लोक माझ्या दिव्यांमुळे भाळतात, मग सख्खी आई किती वेळ टिकणार, असा माझा तोरा. मी आमच्या होणाऱ्या घराचं मॉडेल केलं. भिंतींना रंग मुद्दाम फिका दिला, कारण एवढ्याशा वस्तूवर खरा रंग भडक दिसतो. आजूबाजूची घरं म्हणजे नुसते राखाडी ठोकळे ठेवले, म्हणजे नजर आपल्याच घरावर राहते. आत पिवळसर एलईडी बसवले. हॉलची ट्यूबलाइट घालवून बटण दाबलं, तेव्हा बाबांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

आई म्हणाली, "सगळ्या खोल्यांत लाइट कावून लावले? बिल कोण भरन?"

"आई, ते मॉडेल आहे."

"मंग काय झालं? सवय तिथूनच लागते."

बटण एकच होतं. झक मारत प्रत्येक खोलीची वायर वेगळी केली. आईने एकेक दिवा विझवला, स्वयंपाकघराचा तेवढा ठेवला आणि बराच वेळ बघत बसली. मला वाटलं, जिंकले.

"बाजूले अंधार कावून आहे? कोणी मेलं का तिथं?"

शेजार असाच बेरंग ठेवतात, हे मी परोपरीने सांगितलं. पण इथे समोरच्या काकूंच्या खिडकीत दिवा लागला की आई चहा ठेवायची, आणि नाही लागला तर जाऊन दार वाजवायची. मला एकदम वाईट वाटलं. घर खपवायच्या नादात मी तिला एकटीला अंधारात बसवलं होतं.

शेजारच्या ठोकळ्यात एक दिवा घातला.

"कोण राहते तिथं?" आईने लगेच विचारलं.

"मला काय माहीत?"

"माहीत नाही अन् लाइट लावून ठेवला!"

रविवारी ती बाबांच्या स्कूटरवर मोहन नगरला गेली. प्लॉट बघायला जात नाही, हे दोनदा बजावून. दुपारी जेवायला परत येतो म्हणालेली दोघं संध्याकाळी उगवली. बाबा चप्पल काढताना गालात हसत होते. आई थेट मॉडेलपाशी गेली.

"बाजूची बाई गोंदियाची आहे. भाजी बांधून देली तिनं. अन् घर गुलाबी आहे तिचं. हा राखाडी बदल."

"फिका गुलाबी देते."

"फिका नाही. आहे तसाच दे."

मी रंगाचे दोन हात मारले. त्या भडक गुलाबीपुढे आमचं घर कुणाला दिसेना. आईने मान तिरपी करून पाहिलं आणि बाबांकडे वळली.

"हां. आता बांधा."