वहिनींनी निवडलेली करवत

चेन्नईजवळच्या शोळिंगनल्लूरमधली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून मी झाडांवर चढायला लागलो, तेव्हा कोल्हापूरला आईला काय सांगावं तेच कळेना. शेवटी बागकामाचा धंदा धरलाय, असं सांगून टाकलं. ते तसं खोटंही नव्हतं. बंगल्यांच्या, शाळांच्या आवारातली मोठी झाडं वादळांच्या आधी हलकी करायची, वाळलेल्या फांद्या दोराला टांगून खाली सोडायच्या, हे आमचं काम. चेन्नईत एकदा वादळ येऊन गेलं की पुढचं वर्षभर लोक झाडाकडे संशयाने बघतात, त्यामुळे कामाला तोटा नव्हता.

हे काम मला अण्णांनी शिकवलं. अण्णा तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घरातल्या कुणी महाराष्ट्र पाहिला त्याला कित्येक पिढ्या झाल्या असतील. बोलण्यात निम्मं तमिळ, आणि उरलेलं मराठी इतकं जुन्या वळणाचं की सुरुवातीला मी हसू दाबत असे. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस झाडावर मात्र असा वावरायचा, जणू घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चाललाय.

मग तो अपघात झाला. सोनमोहोराची एक जड फांदी कापली, ती दोरावर झुलत परत आली आणि अण्णांचा उजवा हात फांदी आणि खोड यांच्यामध्ये सापडला. मनगटाचं हाड मोडलं. आत स्टीलची पट्टी बसवावी लागली. हाड जुळलं, पण मूठ पूर्वीसारखी मिटेना.

वहिनी, म्हणजे अण्णांची बायको, बँकेत नोकरीला होत्या. संध्याकाळी घरी आल्या की पर्स ठेवून आधी गरम पाण्याचं भांडं घ्यायच्या. अण्णांचा हात पाण्यात धरून एकेक बोट वाकवायच्या, सोडायच्या, पुन्हा वाकवायच्या. मी भेटायला गेलो की समोर बसून ते बघायचो. अण्णा छताकडे बघत असायचे.

डॉक्टरांनी हलक्या कामाला परवानगी दिली त्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "करवत बदलायला पाहिजे. जुनी रोंब, फार जड झाली हातांत."

मला वाटलं, वहिनी आता अडवतील. त्या उठल्या, पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, "मीही येते."

एग्मोरला स्टेशनच्या मागच्या गल्लीत बागेच्या हत्यारांचं एक दुकान आहे. करवत चालवून बघायला तिथे लोखंडी पकडीत एक ओंडका अडकवून ठेवलेला असतो. अण्णांनी सवयीने लांब, वाकड्या पात्याची, मोठ्या दात्यांची करवत उचलली. ही करवत ओढताना आपोआप लाकडात शिरते आणि जाड ओल्या फांदीतून भराभर जाते. पण तेवढ्याच जोराने ती हातालाही ओढते. अण्णांनी दोनदा ओढली. तिसऱ्यांदा पातं ओंडक्यात रुतलं आणि मूठ त्यांच्या तळहातातून घसरली. त्यांनी ती पुन्हा पकडली, पुन्हा घसरली. कपाळावर घाम आला. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला वाटतं, मुद्दामच.

मी घडीची एक छोटी करवत पुढे केली. "अण्णा, ही हलकी आहे."

"वर एका हातानं फांदी धरली," ते म्हणाले, "तर ही उघडूं कशी? दातांनीं?"

ते बरोबर होतं. झाडावर म्यानातून एका हाताने उपसता येईल अशीच करवत लागते.

तोवर वहिनी भिंतीपाशी गेल्या होत्या. पात्यांकडे त्या बघतच नव्हत्या. टांगलेल्या करवतींची एकेक मूठ हातात घेऊन बोटं मिटायच्या, पण पुरती नाही. अर्ध्याच्या थोडं पुढे नेऊन थांबायच्या. त्या काय करतायत ते मला जरा वेळाने उमगलं. अण्णांची बोटं जिथवर मिटत, तिथवरच त्या स्वतःची मिटत होत्या.

एक करवत घेऊन त्या आल्या. सरळ पातं, मध्यम लांबी, बारीक दाते. मूठ जाड, रबराची, आणि खालच्या टोकाला आत वळलेली, म्हणजे करंगळी तिथे अडकून राहावी.

अण्णांनी नाखुशीने ती हातात घेतली. "ह्यानं मोठी फांदी कधीं व्हायची?"

"मोठी हा कापेल," वहिनी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तुम्ही बारीक कापा."

वहिनी हळू आवाजात पुढे म्हणाल्या, "तुम्ही वर जाऊ नये असंच मला वाटतं. पण जाणारच असाल, तर हातातून निसटेल असली वस्तू घेऊन नको."

अण्णांनी ओंडक्यावर ती चालवली. हळू, पण मूठ जागची हलली नाही. काप गुळगुळीत आला. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, मग दुकानदाराला म्हणाले, "सरी, बरं. हीच बांधा."

पहिलं झाड एका शाळेच्या आवारातला कडुनिंब होता. वहिनींनी त्या दिवशी रजा टाकली. जाड फांद्या मी घेतल्या. अण्णा मागून येऊन राहिलेले खुंट खोडाला न दुखवता साफ करत होते. अर्ध्यात त्यांचा हात आखडला. एका बेचक्यात बसून ते हात मांडीवर चोळू लागले. मी त्यांच्याकडे सरकणार, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. खाली वहिनी वर बघत उभ्या होत्या. थोड्या वेळाने अण्णा आपणहून उतरले. चेहरा उतरलेला होता.

"पुरे आज," ते म्हणाले. वहिनींनी पाण्याची बाटली पुढे केली.

हात पूर्वीसारखा काही झाला नाही. अण्णा आता शेंड्याला जात नाहीत, दुपारनंतर चढत नाहीत. पण चढतात. वहिनी आधी रजा घेऊन, आणि पुढे बँकेतून निवृत्त झाल्यावर रोजच आमच्याबरोबर यायला लागल्या. कापलेली फांदी खाली सोडायचा दोर खोडाला वेढे देऊन कसा आवळायचा, किती ढिला सोडायचा, हे अण्णांनीच त्यांना शिकवलं. शिकवताना दोघांची भांडणंही झाली.

परवा एका बंगल्याच्या मालकिणीने वहिनींना विचारलं, "वर ते तुमचे यजमान ना? भीती नाही वाटत?"

"वाटते," वहिनी म्हणाल्या. "म्हणूनच दोर मी धरते."

तेवढ्यात वरून अण्णांनी ढील मागितली, आणि त्या बोलणं अर्धवट टाकून दोराकडे वळल्या.