भीमेच्या घळीतला तपास

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. सोलापूरच्या दक्षिणेला एका ठाण्यावर तेव्हा मी नोकरीला होते. बायकांची झडती घ्यायची, कोठडीपाशी बसायचं, एवढंच माझं काम. तपासात तोंड घालायचं नाही, हे फौजदारांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं.

भीमेच्या काठी नदीनं काळ्या फत्तरात कोरलेली मोठी घळ आहे. शंभर मेंढरं आरामात बसतील एवढी. ती पाहायला पुण्याहून एक प्रोफेसर आले, दगडांचे अभ्यासक. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत परतला नाही, तेव्हा त्यांना घेऊन आलेल्या टांगेवाल्यानं गावात सांगितलं. मग पाटलाकडून ठाण्यावर खबर आली, की साहेबाचे बूट एका धनगरणीच्या पालात सापडलेत.

हवालदार घळीत डोकावून आले. रिकामी. बूट जप्त झाले, पंचनामा झाला, बाईला धरून आणलं. नवरा तिचा मेंढरं घेऊन पुढं गेलेला. माणूस मारून नदीत टाकला, असंच सगळे धरून चालले. दोन दिवस डोहात गळ टाकून शोधलं.

फौजदार विचारायचे, "कुठं टाकलंस त्याला?"

"मला ठावं न्हाय, साहेब."

"मग बूट काय चालत आले तुझ्या पालात?"

"म्या आणलं. कुत्री फाडत्यात म्हणून."

हवालदार हसायचे. "लई काळजी की बुटांची!"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यापुढं भाकरी ठेवली. तिनं हात लावला नाही. मला काही गप्प बसवेना, म्हणून आपलं विचारलं, "अगं, त्यांनी बूट काढले तरी कुठं?"

"देवाच्या भोकापाशी, बाई. घळीच्या मागल्या अंगाला. सरपटत जावं लागतंय. आत बिरोबा हाय. म्याच म्हनलं, पायताण काढा. काढलं बिचाऱ्यानं."

"मग हे सांगितलं का नाहीस?"

"शिपाई घळीत जाऊन आलं की. मला वाटलं, आत बघूनच आलं."

मी तशीच फौजदारांकडे गेले. ते रागावले, पण माणसं पाठवली. प्रोफेसर आतल्या कपारीत पडलेले, मांडी मोडलेली. धुगधुगी होती. बाईचा काही दोष नाही, एवढा जबाब त्यांनी दिला आणि दुसऱ्या दिवशी गेले. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणलं असतं तर वाचले असते.

बाईला सोडलं. पायरीवर थांबून तिनं मला विचारलं, "बाई, तुमी पयल्या दिशीच का न्हाय इचारलं?"

पुढं कितीतरी वर्षं नोकरी केली. कोठडीत आलेल्या प्रत्येक बाईला मी आधी जेवायला वाढलं, मग काय घडलं ते पहिल्यापासून सांगायला लावलं. कुणी रागावलं तर रागावू दे. पण त्या धनगरणीला मात्र मी उत्तर दिलं नाही. विचारणं माझं काम नाही असं मला वाटलं होतं, हे त्या बाईच्या तोंडावर कसं सांगणार होते मी?