बाजेचं तात्पर्य

'तात्पर्य' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आणि मी मराठीची शिक्षिका आहे, अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत. म्हणजे दिवसातून चार वेळा तो मलाच उच्चारावा लागतो.

माझे वडील शहागडला हायवेच्या कडेला ट्रक रंगवायचे. मोर, कमळ, डोळे वटारलेला राक्षस. जन्मभर ट्रकमालकांनी सांगितलं ते काढलं. एकदा परतूरच्या भंगारवाल्याकडे त्यांना एक इंग्रजी पुस्तक सापडलं. राणीच्या काळातला कुणी इंग्रज चित्रकार. पोपट असे काढायचा की पिसं मोजून घ्यावीत, डोंगर-नद्या रंगवायचा, आणि मोकळा झाला की लांब नाकाच्या म्हाताऱ्यांची वेडीवाकडी चित्रं काढून त्याखाली बिनअर्थाच्या कविता लिहायचा. मी तेव्हा कॉलेजात होते. मी वाचून दाखवायचे आणि शहाण्यासारखी अर्थ सांगायला लागायचे.

"अर्थ ऱ्हाऊ दे गं. पुन्हा वाच," वडील म्हणायचे. मग स्वतःशीच हसायचे. "पोटासाठी पोपट अन् जिवासाठी हे. बराबर केलं त्यानं."

तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत बोलक्या भिंती करायच्या ठरल्या. पाढे, ऋतू, सुविचार. मैदानाकडची लांब भिंत उरली, तेव्हा मी हेडसरांना म्हटलं, माझ्या वडिलांना द्या. सर म्हणाले, "द्या, पण रंग आहे तोच वापरा." वर्गखोल्यांतला उरलेला डिस्टेंपर होता. वडील म्हणाले, चालतंय.

सत्तरीतला माणूस आठ दिवस शिडीवर होता. आठ चित्रं, आठ कविता, सगळं स्वतःचं. पहिलीच अशी होती :

परतूरच्या काकूंनी पाळली बाज,
चारा खायला तिला वाटायची लाज;
पाय होते चार, पण बसायची दारात,
काकूच तिला डोक्यावर न्यायच्या बाजारात.

वर सुंभानं विणलेली बाज काढलेली. चार पाय आखडून, डोक्यावर पदर घेऊन बसलेली. पोरं अक्षरशः लोळली. पहिलीतल्या पोरी जाता-येता बाजेला चिमूटभर गवत दाखवायच्या. वाचनात कच्ची असलेली पोरं त्या भिंतीवर वाचायला शिकली, हे मी शपथेवर सांगते.

मग तपासणी आली. साहेबांनी भिंतीसमोर उभं राहून विचारलं, "यातून विद्यार्थ्यांनी बोध काय घ्यायचा?" हेडसर घाईनं त्यांना पाढ्यांच्या भिंतीकडे घेऊन गेले. साहेब गेल्यावर शाळा समितीची मीटिंग बसली. एक सदस्य म्हणाले, "बाज कुठं लाजत असती का? लेकरं येडी करून राह्यलेत तुम्ही." चुना मारा, असं ठरत आलं होतं.

तेव्हा मी उठले. कुणी सांगितलं नव्हतं, मीच उठले. म्हटलं, प्रत्येक कवितेखाली तात्पर्य लिहू. सगळ्यांचे चेहरे उजळले. मला तर वाटलं, मी भिंत वाचवली. अर्ध्या तासात आठ तात्पर्यं खरडली. बाजेखालचं होतं : 'आळशी व्यक्ती इतरांवर ओझे होते.' लाज वाटते आता.

घरी जाऊन वडिलांना कागद दिला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला. मला वाटलं, चिडतील. चिडायला हवं होतं त्यांनी! ते फक्त म्हणाले, "तू लिवलंय ना? मंग चांगल्या रंगानं लिवतो." आणि स्वतः अंबडला जाऊन ट्रकला मारतात तो पिवळा ऑइल पेंट घेऊन आले.

त्यानंतर परीक्षेत प्रश्न आला : बाजेच्या कवितेतून तुम्ही काय शिकलात? प्रश्न मीच काढला होता, हेडसरांनी सांगितलं म्हणून. एकतीस पोरांनी एकच वाक्य लिहिलं, माझं. गवत दाखवणाऱ्या एका पोरीला मी विचारलं, आता का नाही गं खेळत? ती म्हणाली, "बाज आळशी हाय, म्याडम."

समितीचा राग येतो, साहेबांचा येतो. हसण्याचीही पावती मागणाऱ्या सगळ्या जातीचाच येतो. पण चुना मारणारे निदान उघडपणे मारतात. मी मदतीला गेले होते.

गेल्या दोन पावसाळ्यांनी डिस्टेंपर धुऊन नेला. चित्रातल्या काकू गेल्या. बाजेचा पदर गेला, डोळे गेले, चारांतला एक पाय तेवढा उरलाय. कविता जवळ जाऊनही वाचता येत नाही. वडिलांचा हात आता थरथरतो, कपबशीसुद्धा दोन्ही हातांनी धरतात. शिडीचा प्रश्नच नाही.

परवा त्यांना शाळेत घेऊन गेले होते. ते चष्मा लावून बाजेच्या जागेसमोर उभे राहिले. मैदानापलीकडूनही वाचता यावं असं, पिवळंधमक, एक टवका न उडालेलं, माझं वाक्य तेवढं भिंतीवर होतं.

"पाह्य," ते कौतुकानं म्हणाले, "तुझं कसं टिकलं."