उजवीकडचा स्विच

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून असेल. ओळखीच्यांत माझं नाव फार चांगलं आहे हो — तीच तर अडचण आहे.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. म्हणजे दुसऱ्याच्या कामातली खोट काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पार्ट तपासायचा, बरोबर असला तर हिरवं स्टिकर, नसला तर लाल. वीस वर्षं हेच. राहायला पिंपळे गुरवला, दोन खोल्यांत, आणि त्यातला एक कोपरा माझ्या नादाने अडवलेला — टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेम, कॅसेट घालायचा. लहानपणी मिळाला नाही म्हणून चाळिशीत जुन्या बाजारातून आणला. त्याचे जॉयस्टिक मात्र महिन्याभरात मान टाकायचे. आतलं रबर झिजलं की बसा बटण दाबत! शेवटी मी स्वतःच बनवायला लागलो. प्लायवूडचा डबा, मशीनच्या हँडलचा काळा गोळा लावलेली दांडी, चार दिशांना चार छोटे स्विच, मधे स्प्रिंग. दांडी ढकलाल त्या बाजूचा स्विच टक् करून दबतो — बस. बाजारातल्यापेक्षा कितीतरी सरस. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

लांबण लावतोय, कळतंय मला. दत्ताकडे येतो.

दत्ता आमच्याच कंपनीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा कापायच्या मशीनवर, होता. लातूरकडचा. आमच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहायचा; बायको आणि दहावीतली मुलगी. मला भाऊ म्हणायचा. नऊ वर्षांपूर्वी प्रेसवर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची. जखम भरली, पण माणूस घरात बसला. कुणी आलं की उजवा हात टॉवेलखाली. तेव्हा मी त्याच्यासाठी एक वेगळा जॉयस्टिक बनवला — उलटा. बटणं डाव्या हाताला, दांडी उजव्या हाताला, आणि दांडीवर मोठा गोळा, नुसत्या तळव्याने फिरवता येईल असा. तीनदा बनवून मोडला, चौथ्यांदा जमला. एवढं मात्र मी मनापासून केलं होतं. मग पुढचं कुणी केलं? तेही मीच.

रविवारी दुपारी आमच्याकडे मोटारींच्या शर्यतीचा गेम लागायचा. शेजारचे चार जण जमायचे. दत्ता सुरुवातीला लाजत खेळला. मग हात बसला, आणि त्याने मला हरवलं. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी तर धूळ चारली. बायको चहा देता देता म्हणाली, "अहो, तुमची दहाच्या दहा शाबूत आहेत ना? मग?" सगळे खो खो हसले. दत्तासुद्धा हसला, तोंडावर हात धरून. उजवा हात! किती महिन्यांनी त्याने तो चारचौघांत बाहेर काढला होता. आणि मला काय दिसलं? मला फक्त माझं हसं झालेलं दिसलं.

तर आता सांगतो. पुढच्या शनिवारी मी तो डबा उघडला, दोन स्क्रू सैल केले, आणि उजवीकडचा स्विच केसभर मागे सरकवला. केसभरच. दांडी उजवीकडे नेली की स्विच अंमळ उशिरा लागायचा. मग झाकण बसवून वर हिरवं स्टिकर चिकटवलं. गंमत म्हणून? नाही. दत्ता दहा वर्षं माझी स्टिकरं बघत आला होता. प्रेसवरचा माणूस क्वालिटीने पास केलेल्या पार्टवर शंका घेत नाही — तो स्वतःवर घेतो. हे मला ठाऊक होतं. म्हणूनच चिकटवलं.

"सर्व्हिसिंग केलंय," मी रविवारी म्हणालो. त्या दुपारी दत्ता पाचही शर्यती हरला. प्रत्येक उजव्या वळणावर गाडी कठड्यावर. तो जॉयस्टिककडे बघतच नव्हता, हाताकडे बघत होता. मला बरं वाटत होतं. हो, बरं वाटत होतं.

इथेच थांबलं असतं तर मी हे सांगितलंच नसतं. पण निघताना तो म्हणाला, "भाऊ, कंपनीनं रोबोटच्या मशीनवर घेतो म्हणलंय. दांडीनं चालवायचं असतंय ते. बुधवारी ट्रायल हाय. ह्यो घिऊन जाऊ का घरी? तेवढाच सराव हुईल."

दोन स्क्रू. दोन मिनिटांचं काम. "थांब, जरा बघून देतो," एवढंच म्हणायचं होतं. पण चार जण बसले होते. कालच सर्व्हिसिंग केलेला डबा परत का उघडला, असं कुणी विचारलं असतं तर? मी म्हणालो, "ने की."

मंगळवारी संध्याकाळी तो वर आला आणि जॉयस्टिक माझ्या टेबलावर ठेवला. "हात ऐकंना झालाय, भाऊ. मनात उजवीकडं आलं तरी हात मागून यायलाय. उद्या तिथं काही मोडलं तर? नको वाटायलंय."

आणि मी — याच तोंडाने — म्हणालो, "मनाला पटत नसेल तर नको जाऊस, दत्ता."

तो ट्रायलला गेलाच नाही. कंपनीने त्याला झाडलोटीला लावलं, वर्षभरात तेही सुटलं. आता रावेतला एका सोसायटीत वॉचमन आहे. त्या मंगळवारी तो जिना उतरल्यावर मी स्विच जागेवर आणला होता. तोच डबा आजही उत्तम चालतो. ट्रायलमध्ये तो नापासच झाला असता, असं मी मनाला सांगून पाहिलं आहे. पण सलग तीन रविवार मी त्याच्याकडून हरलो होतो. त्याच्या हाताची तपासणी माझ्याइतकी कुणीच केलेली नव्हती.

गेल्या महिन्यात चऱ्होलीच्या एका कार्यालयात त्याच्या मुलीचं लग्न झालं. मानापानाच्या वेळी दत्ताने मला हाताला धरून पुढे नेलं, व्याह्यांसमोर. "हे आमचे भाऊ," म्हणाला. "बोटं गेली तवा सगळ्यांनी कीव केली. ह्यांनी हात करून दिला. चालला न्हाई, ते माझं नशीब." आणि मानाचा पहिला फेटा त्याने माझ्यासाठी मागवला. गावाकडे लग्नाकार्यात फेटे तोच बांधायचा म्हणे. "आता हात चालंना," असं म्हणून त्याने पुतण्याला बोलावलं आणि स्वतः नुसता शेमला धरून उभा राहिला, डाव्या हाताने.

मी नको म्हणालो नाही. खुर्चीत नीट बसलो, आणि डोकं पुढे केलं.