तांबूस पाणी

आज आमच्या कॉम्प्युटर प्रोग्रामने एका ताऱ्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यात सोडियमची रेघ पकडली आणि ताऱ्याचं तापमानही सांगितलं. मिठातलंच ते सोडियम. मला पेणच्या खाडीकाठचं आमचं मिठागर आठवलं.

कॉलेजात असताना एकदा मैत्रीण माझ्यासोबत तिथे आली होती. बांधावर उकिडवे बसलेले बाबा म्हणाले, "पानी तांबूस झालाय गो. उद्या मीठ धरंल."

मैत्रिणीसमोर मला त्यांची लाज वाटली. "नुसत्या रंगावरून काय कळतं? मोजावं लागतं," मी फटकन बोलले.

"व्हय गो, तू शिकलेली," म्हणत ते भेगाळलेले हात पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी खरंच मीठ धरलं, पाण्याखाली पांढरे खडे जमले, आणि बाबा ते ओढायला लागले.

प्रकाशाच्या रंगांवरून तारे ओळखायची नोकरी लागली, तेव्हा बाबांनी कौतुकाने विचारलं होतं, "काय काम करतेस गो?"

मी म्हणाले होते, "तुम्हाला नाय कळायचं."