कोऱ्या कापडावरच्या पापड्या

आमच्या घरात काटकसर मी आणली, असं नवरा सगळ्यांना सांगत असतो. साफ खोटं. काटकसर आणली ती त्याच्या शेठने. नवरा इथे भिवंडीत पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करतो. शेठने रात्रीची शिफ्ट बंद केली आणि आमचा पगार एकदम रोडावला. त्याच सुमारास सुरतेहून एका ठेकेदाराचा फोन आला. तिकडे काम आहे, राहायला खोली आहे, पण माणूस एकटाच पाहिजे.

'एकटाच' ऐकून माझं डोकं फिरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी या माणसाशी चार शब्द भांडल्याशिवाय माझा दिवस मावळत नाही. तो सुरतेला गेल्यावर मी भांडू कोणाशी, भिंतीशी? मी सांगून टाकलं, "उन्हाळा संपेपर्यंत थांबा. आहे त्यात घर चालवून दाखवते. नाहीच जमलं, तर खुशाल जा."

त्याने मान डोलावली. पण फोनवर ठेकेदाराला नाही म्हटलं नाही, "देखता हूँ" म्हणाला. ते मला बरोबर ऐकू आलं.

मग मी पदर खोचला. बाहेरून येणारं एकेक पाकीट घरातून हद्दपार केलं. दही घरी विरजायचं, साय साठवून तूप कढवायचं, मिरच्या वाळवून मसाला कुटून आणायचा. रविवारचं चायनीज बंद. त्याऐवजी शिळ्या भातात कोबी आणि सॉस घालून मी जे काही केलं, ते चाखून मुलगी म्हणाली, "आई, हा फोडणीचा भातच आहे, फक्त रंगवलाय." नवऱ्याचा हॉटेलातला नाश्ता बंद करून डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी बसणारे दोघं वासाने उठून गेले. आठवड्याभरात तेच दोघं चटणी मागायला लागले, तेव्हा मी चटणी कमी आणि तिखट जास्त घालायला लागले. गावजेवण घालायला थोडीच बसले होते?

राहता राहिलं मुलांचं संध्याकाळचं चटरमटर. त्यावर उपाय म्हणजे पापड्या. पूर्वी अंजूर गावातल्या सासरच्या शेतातून तांदूळ यायचे. आता त्या शेतात गोदाम आहे आणि गोदामात तांदूळ पिकत नाहीत. म्हणून बाजारातून स्वस्तातली कणी आणली, चांगली मोठी पिशवी भरून. कणी भिजवायची, वाटायची, जिरं-तीळ-मीठ घालून शिजवून घाटा करायचा आणि तो गरम असतानाच कापडावर चमच्याने पापड्या घालायच्या. वाळल्या की कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायचा. पापड्या अलगद सुटतात.

जुनं धोतर घरात नव्हतं. नवरा म्हणाला, "मी आणतो ना कापड." आणि लूमवरून डागी म्हणून बाजूला काढलेला मोठा तुकडा शेठला विचारून घेऊन आला. गच्चीवर स्वतःच्या हाताने अंथरला. "बघ, कोरं करकरीत. कुणाचा हात बी लागला न्हाय."

मी पण खूश. फुकटचं कापड, आणखी काय पाहिजे? पापड्या घातल्या, वर जुनी मच्छरदाणी पसरली, कारण आमच्याकडे हवेत कापूस उडतो आणि जवळच्या सायझिंग कारखान्याच्या चिमणीची काजळी बसते. ऊन कडक होतं. दुसऱ्या दिवशी कापड उलटं केलं, हबका मारला, ओढलं. पापडी हलेना. आणखी पाणी मारलं. ती आणखी घट्ट बसली.

वरच्या मजल्यावरच्या मुसलमान मावशी, ज्यांना सगळे खाला म्हणतात, कपडे वाळत घालायला आल्या होत्या. त्यांनी कापड चिमटीत धरलं आणि कपाळावर हात मारला. "अगो बेटा, ह्ये तर कोरं कापड! लूमवर सूत तुटू नये म्हणून खळ लावतात ना, ती तशीच हाय यात. पाणी मारलंस, खळीचा गोंद झाला. धुवायचं तरी होतंस!"

ती खळ खायची नसते, हे भिवंडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सगळ्या पापड्या कापडासकट गुंडाळून टाकून दिल्या. ज्याचे हात रोज त्या खळीत असतात, तो माणूस गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ मान खाली घालून उभा होता. एरवी मी त्याला सोडलं नसतं. पण तो म्हणाला, "असं न्हाय चालायचं घर. जातो मी सुरतेला."

तेव्हा मला भीती वाटली. राग नव्हे, भीती. रागाचं मी काहीतरी करू शकते. त्या संध्याकाळी मी भांडले नाही, आणि मी भांडत नाही म्हणून मुलं घाबरून अभ्यासाला बसली.

शुक्रवारी लूमला सुट्टी असते. सकाळी उठले तर मोरीत धबधब आवाज. नवरा खालांकडून मागून आणलेल्या दोन जुन्या सुती ओढण्या धूत होता. त्या वापरून वापरून मऊ झालेल्या होत्या, तरी त्याने दोनदा धुतल्या. उरलेली कणी त्याने आदल्या दिवशीच भिजत घातली होती. मला न विचारता! मीठ जास्त पडेल म्हणून मी धावले, तर मला बाजूला सारून म्हणाला, "तू फक्त घाटा हालव." गच्चीवर त्याने सुतात मांडल्यासारख्या सरळ ओळी घातल्या. माझ्या पापड्या कधी इतक्या गोल आल्या नव्हत्या. हे मी त्याला सांगितलं नाही.

दुपारी चहा घेऊन वर गेले, तर तो सावलीला बसून हातातल्या काठीने कावळे हाकलत होता आणि फोनवर बोलत होता. ठेकेदारच होता.

"नहीं भाई, आना नहीं होगा. छत पे पापड़ी डाला है." मग पुन्हा, "हाँ हाँ, पापड़ी. देखना पड़ता है."

पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. सुकायला किती दिवस लागतात, असंच काहीतरी असणार. कारण नवऱ्याने काठी उगारून एक कावळा उडवला आणि शांतपणे म्हणाला, "हमारे इधर बहुत टाइम लगता है, भाई. सालों लग जाते हैं."