वहिनींच्या डब्यांचा खेळ

हे सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की चष्मा पुसायला घ्यायचो.

नात तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. कॉलेजसाठी एक साधा कॉम्प्युटर गेम बनवायचा होता. बनवता येत होता, पण कल्पना सुचत नव्हती. मी जन्मभर गणित शिकवलेला माणूस. मी पाढ्यांची सापशिडी सुचवली.

"आबा, ये खेलेगा कौन?" ती म्हणाली.

इथे हिंदी मुलखात, चेरीतालच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर वहिनी राहायच्या, माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. त्यांचा डबा परत द्यायला वर गेलो, तर त्या चष्मा लावून, ओट्यावर दहा-बारा स्टीलचे डबे मांडून झाकणं जुळवत होत्या. आमच्याकडे शेजारचा डबा रिकामा परत जात नाही.

"काहून तोंड पाडून आले, भाऊजी?"

मी सांगितलं. त्या हसल्या. "मी तर रोज गेमच खेळून राहिली. कोणता डबा कोणाचा, ते ध्यानात ठेवा. रिकामा द्यायचा नाही. त्यांचेच लाडू त्यांनाच गेले की संपलं. अन् एक देऊन येते, तोवर दोन नवे येऊन पडतात. टाका म्हणा हेच कॉम्प्युटरात."

आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. खाली पोचेपर्यंत मी त्यात वाढता वेग घातला, तीन चुका माफ केल्या. नातीला म्हणालो, "मला एक सुचलंय." वहिनींचं नाव पुढच्याच वाक्यात घेणार होतो. पण ती "आबा, तुम तो जीनियस निकले" म्हणत गळ्यात पडली, आणि ते वाक्य राहून गेलं.

गेम झकास झाला. चुकीचा डबा गेला की पडद्यावरची काकू नाक मुरडायची. कॉलेजात तो पहिला आला. गणपतीत मराठी मंडळानं तो मोठ्या पडद्यावर लावला आणि कल्पनेबद्दल मला शाल-श्रीफळ दिलं. मी घेतलं. मग बायकांनी वहिनींना बळेच खेळायला बसवलं. कॉलेजच्या मुलांनाही हरवून त्या उठल्या. एकही डबा चुकला नाही.

"चांगलं सुचलं तुम्हाला, भाऊजी," जाताना म्हणाल्या. मी त्यात टोमणा शोधला. नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यात चिवडा भरला, बोलायचं ते मनात घोकलं आणि वर गेलो. त्यांनी डबा हातात घेऊन पाहिला.

"झाकण आमचं नाही हे. अन् म्हणे गेम यांना सुचला."

दोघंही हसलो. हीच वेळ होती. मी झाकण बदलायला खाली आलो आणि डबा सुनेच्या हाती वर पाठवला.

त्यानंतर कितीतरी डबे वर गेले, खाली आले. मागच्या हिवाळ्यात वहिनी वारल्या.

परवा नातीला फोनवर खरं सांगितलं. ती म्हणाली, "चलो, गेममध्ये मोठ्या आजीचं नाव टाकते. अन् त्या काकूला तिचा चष्मा."

तिनं ते केलंही. माझं काम मात्र अजून राहिलंय. वहिनी, ते मला सुचलं नव्हतं. तुम्ही सांगितलं, मी फक्त जिना उतरलो. माझं चुकलं.